कडेचं उड्डाण

एका शब्दासाठी माणूस किती ताणू शकतो हे मला त्या शुक्रवारी कळलं. सकाळी आठ ते दुपारी चार. आठ तास. एवढ्या वेळात मी मिगचं इंजिन उतरवून परत बसवलं असतं, आणि मधे जेवलोही असतो.

मी विमानाचा मेकॅनिक. माझं नाव हूरी, पण ते कोणी घेत नाही. सगळे बापाच्या नावानं देमिदोविच म्हणतात. ज्याला घेऊन मी लष्करी रुग्णालयात गेलो होतो तो मेजर लुक्यान प्रिखोद्को. आकाशातलं नाव किसील. किसील म्हणजे आमच्याकडची फळांची गिळगिळीत पेज. खार्किवच्या हवाई शाळेत त्याला पहिल्यांदा गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं, आणि उतरला तेव्हा त्याच्या पायांचं किसील झालं होतं. जेवण सगळ्या वर्गासमोर बाहेर. तेव्हापासून हेच नाव. लोकांना वाटतं लढाऊ वैमानिकांची नावं गरुड, वाघ, वादळ अशी असतात. असतात, ज्यांनी स्वतःची स्वतः ठेवून घेतली त्यांची.

ऑक्टोबरमध्ये त्यानं एका संध्याकाळी शत्रूचे तीन ड्रोन पाडले. चौथा इतक्या जवळून पाडला की त्याचे तुकडे आमच्याच विमानाच्या इंजिनात गेले. विमान पेटलं. खाली गाव होतं म्हणून यानं ते आधी शेतांकडे वळवलं आणि मग खुर्चीसकट बाहेर उडी घेतली. त्या खुर्चीखाली स्फोटाची दारू भरलेली असते. ती माणसाला वर फेकते तेव्हा मणका दाबला जातो. किसील दोन सेंटीमीटरनं बुटका झाला. त्याच्या सगळ्या पँटी लांब झाल्या. बायकोनं तीन दुमडून शिवल्या आणि चौथी त्याच्या अंगावर फेकली.

आणि चौकशी समितीनं काय विचारावं? इतक्या जवळ का गेला? अरे, तुम्ही जा ना लांबून. ते विमान माझ्या थोरल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठं होतं. त्याच्या रडारवर ड्रोन म्हणजे कपड्यावरचा डाग, दिसला तर दिसला. मी समितीपुढे हेच बोललो, याच शब्दांत. मला समज देण्यात आली.

तर मुद्दा असा. वैमानिक सहा महिने जमिनीवर राहिला आणि वैद्यकीय मंडळानं त्याला ‘उडण्यास योग्य’ असा शिक्का दिला नाही, की त्याचं नाव उड्डाणाच्या यादीतून जातं. मग मुख्यालयात खुर्ची, नकाशे, चहा. सहावा महिना त्या शुक्रवारी संपत होता. मणका जुळला होता. डोळे, कान, मेंदू, हृदय, सगळ्यांनी तीन दिवसांत सह्या दिल्या होत्या. आमच्या तुकडीत किती वैमानिक उरलेत ते मी लिहिणार नाही; मोजायला दोन हात लागत नाहीत एवढंच सांगतो. फक्त फॉर्म द्यायचा होता. बस. फॉर्म द्यायचा, शिक्का घ्यायचा, घरी यायचं.

फॉर्ममध्ये अकरावा रकाना होता. ‘शेवटच्या उड्डाणाची तारीख.’

आमच्या धंद्यात ‘शेवटचं’ म्हणत नाहीत. शेवटचं उड्डाण म्हणजे ज्यातून माणूस परत येत नाही ते. म्हणून आम्ही ‘कडेचं’ म्हणतो. कडेचं उड्डाण, कडेची रजा, कडेचा घोट. हजामाकडेसुद्धा वैमानिक ‘कडेचा केस’ म्हणतो. आता हे पक्कं अंगात मुरलंय, पण फॉर्म छापणाऱ्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. किसीलनं काय केलं? छापील ‘शेवटच्या’ शब्दावर आडवी रेघ मारली, वर सुबक अक्षरात ‘कडेच्या’ लिहिलं, आणि खाली तारीख टाकली.

खिडकीत स्तेफानिया ओरेस्तिव्हना बसल्या होत्या. वय साठ, केस ओढून बांधलेले, एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून आता लष्कराचे फॉर्म तपासायला आलेल्या. त्यांनी फॉर्म वाचला नाही, तपासला. लाल पेन्सिलीनं.

“मेजर, हे काय?”

“तारीख.”

“तारखेच्या वर काय?”

“दुरुस्ती.”

“छापील सरकारी कागदात तुम्ही दुरुस्ती करणार? आणि तीही चुकीची? ‘कडेचा’ म्हणजे ज्याच्या बाजूला कड आहे तो. कडेचं घर. कडेचा दात. उड्डाणाला कड नसते.”

“आमच्याला असते, बाई.”

“ही मॉस्कोच्या बराकीतली भाषा आहे. तीस वर्षं मी पोरांच्या तोंडातून ती काढत आले. खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म, खोली क्रमांक चार.”

मागून रांगेतला एकजण ओरडला, “अहो, कडेचा कोण आहे? मी कोणाच्या मागे?”

बाईंनी डोळे मिटले.

नवीन फॉर्म म्हणजे सात डॉक्टरांच्या सह्या पुन्हा. सात! डोळ्यांचा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, हाडांचा तळमजल्यावर, कानाचा दुसऱ्या इमारतीत, आणि मेंदूचा कुठे असतो ते मेंदूच्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. मी किसीलला जिन्यात धरलं.

“गाढवा, तारीख लिही आणि मोकळा हो. शब्द तू छापलेला नाहीस.”

“सही माझी आहे ना खाली?”

“मग?”

“मग काही नाही. चला, देमिदोविच, कानाचा जेवायला जाईल.”

असा आहे हा. गावच्या बॉयलरवाल्याचा मुलगा. बाप शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा आणि मुलाला म्हणायचा, धुराच्या खाली राहू नकोस, वर जा. हा सातव्या वर्षी चिनाराच्या झाडावर चढला, उतरता येईना, आणि उतरवायला आलेल्या माणसाला म्हणाला, मी अडकलेलो नाही, बघतोय. दोन तास बघत होता. युद्धाच्या पहिल्या पहाटे आमच्या धावपट्टीवर क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा यानं बाजूच्या अरुंद रस्त्यावरून विमान उचललं, आणि डाव्या पंखानं माझ्या टूलबॉक्सचं झाकण उडवलं. त्यानंतर दोन आठवडे आम्ही एका विमानतळावरून दुसऱ्यावर पळत होतो, जंगलात झोपत होतो, फळ्या टाकून चाकं चिखलातून काढत होतो. त्यात मी याला एकदाही घाबरलेला पाहिला नाही. हट्टाला पेटलेला मात्र रोज पाहिला.

साडेअकराला आम्ही परत खिडकीत. या वेळी त्यानं अकरावा रकाना कोरा ठेवला होता.

“रिकामा रकाना चालत नाही,” बाई म्हणाल्या. मान वर न करता.

“मला त्यात लिहिण्यासारखं काही नाही.”

“तुम्ही वैमानिक आहात ना?”

“आहे.”

“मग उडाला असालच.”

“उडालो. पण शेवटचं अजून उडालो नाही.”

“तर तसं लिहा!” त्या वैतागून म्हणाल्या. “काहीही लिहा, पण लिहा. तुमच्या मागे चाळीस माणसं आहेत.”

असं म्हणायचं असतं का याला? यानं तिथेच पेन काढलं, आणि ‘शेवटच्या उड्डाणाची तारीख’ याच्या खाली लिहिलं: अजून झालेलं नाही.

बाईंनी रकाना भरलेला पाहिला आणि कागद ट्रेमध्ये टाकला. जेवणाची वेळ झाली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न वाचता काही पुढे पाठवलं असेल, आणि ते नेमकं हेच. मला हसूही आलं, खरं सांगतो. बाहेर जर्दाळूच्या झाडाखाली बाकावर आम्ही पाव आणि डुकराची चरबी खाल्ली. किसील खसखशीचा बन घेऊन आला आणि एकट्यानं खाल्ला.

दीड वाजता निकाल आला. जाड शिक्का, जांभळी शाई. ‘जमिनीवरील सेवेस योग्य.’

मी दोनदा वाचला. मग मंडळाच्या अध्यक्षांचं दार न वाजवता आत गेलो. अध्यक्ष कर्नल, चष्मा कपाळावर, पुढे कागदांचे दोन ढीग.

“साहेब, हा माणूस युद्धाच्या पहिल्या दिवसापासून उडतोय. याच्या छातीवर पदकं आहेत. तुम्ही याला जमिनीवर बसवलंत?”

त्यांनी फॉर्म काढला. “इथे स्पष्ट लिहिलंय. उड्डाण अजून झालेलं नाही. जो कधी उडालाच नाही, त्याला मी उडण्याचा शिक्का देऊ? मला वाटलं भांडार विभागाचा आहे.”

“भांडार विभागातला माणूस खुर्चीसकट आकाशातून पडतो का?”

“या युद्धात काय काय पडतं, त्याचा हिशेब मी ठेवत नाही.” मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि जरा माणसासारखे बोलले. “सह्या चालतील. पहिलं पान बदलून आणा, नीट भरलेलं. चारपर्यंत मी इथे आहे. चारला माझी गाडी निघते आणि मी बुधवारी येतो.”

बुधवार म्हणजे उशीर. बुधवारी किसीलचं नाव यादीत नसतं.

बाहेर येऊन मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की लेका, तुझ्या जागी उद्या दुसरा कोणीतरी जास्तीची फेरी उडणार आहे, आणि तो थकला, चुकला, पडला, तर तो तुझ्या या लाडक्या शब्दामुळे. तो ऐकत होता. कान लाल झाले होते. पण पेन खिशातच.

“विश्वास आहे का तुझा असल्या गोष्टींवर? खरं सांग.”

“तुमचा आहे का?” त्यानं विचारलं.

“माझा विश्वास पान्यावर आहे.”

“झालं तर मग,” तो म्हणाला. आणि याचा अर्थ काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

स्तेफानिया बाईंनी नवं पान दिलं. निकाल वाचून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता; स्वतःची चूक त्यांना दुसऱ्याच्या चुकीपेक्षा जास्त लागते हे दिसत होतं. अडीच वाजले होते. किसील भरायला बसला. नाव, जन्म, रक्तगट. एक, दोन, तीन. नवव्या रकान्यावर होता, आणि सायरन वाजला.

हे आता रोजचंच आहे. तिकडे शेकडो कोसांवर त्यांचं एक विमान क्षेपणास्त्र घेऊन उडतं, आणि इकडे आमचा सगळा देश तळघरात जाऊन बसतो. ते विमान फेरी मारून परत जातं. त्याचा वैमानिक जेवतो. आमचा तासभर गेला. खिडकी बंद, कुलूप, शिक्के तिजोरीत, सगळे खाली.

तळघरात पाईपांच्या मधे बाकं होती. पट्ट्या बांधलेले, कुबड्या घेतलेले, एकजण सलाईनच्या खांबासकट आलेला. मी कोपऱ्यातल्या नळावर पाणी प्यायला गेलो. परत येताना मोठ्या पाईपाच्या मागे थांबलो, कारण पलीकडे बाई आणि किसील बोलत होते.

“मी तुमच्यासारखी माणसं शिकवली आहेत,” बाई म्हणत होत्या. “कविता पाठ करायची नाही म्हणून ताप आणणारी. मेजर, तुम्ही अंधश्रद्धाळू वाटत नाही.”

“नाहीच. आमच्यात उडण्याआधी दाढी करत नाहीत, मी करतो. विमानापुढे फोटो काढत नाहीत, मी काढतो. तेरा तारखेला माझं लग्न झालं.”

“मग हे काय चालवलंय सकाळपासून?”

“म्हाताऱ्यामुळे.”

“कोण म्हातारा?”

“देमिदोविच. माझ्याआधी त्यांचा वैमानिक इलारियोन होता. युद्धाच्या पहिल्या मार्चमध्ये एका दिवशी पाच फेऱ्या झाल्या, सहावीला निघताना देमिदोविचनी शिडी काढली आणि म्हणाले, ‘हे आजचं शेवटचं, मग बोर्श गरम करतो.’ दमले होते हो. तोंडातून गेलं. इलारियोन हसला आणि गेला. आला नाही. तेव्हापासून म्हातारा बोर्श खात नाही. म्हणतो पोटाला सोसत नाही.”

“त्या शब्दानं विमान पडत नाही.”

“बाई, ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. पण मी तो शब्द माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं मान्य केला, आणि पुढच्या महिन्यात मला काही झालं, तर कागद कोण बघणार? तेच बघणार. माझी फाईल तेच आणतात. मग बसतील आयुष्यभर स्वतःला दोष देत. एक ओझं आहे, त्यावर दुसरं.”

मी पाईपामागे उभा होतो. रडू आलं असं कोणाला वाटत असेल तर चूक. मला राग आला. इतका राग मला चौकशी समितीवरही आला नव्हता. म्हणजे मी! सकाळपासून हा तमाशा माझ्यासाठी! चौतीस वर्षांचं पोर मला काचेच्या भांड्यासारखं जपतंय, आणि त्यापायी आकाश सोडायला निघालंय! मला कोणी विचारलं? आणि बोर्शचं याला कुणी सांगितलं? मी तर कोणाला सांगितलं नव्हतं. बिटाच्या त्या सुपाचा वाडगा बाजूला सारताना बघत असणार, हरामखोर.

बाहेर आलो. “दे ते पान.”

“देमिदोविच—”

“दे म्हटलं ना. तू कोण माझी काळजी घेणारा? विमान कोणाचं आहे? माझं. तुला मी उसनं देतो, फेरीपुरतं. ज्या माणसाकडून वस्तू उसनी घेतली त्याची काळजी नाही करायची, वस्तूची करायची. सहा महिन्यांपूर्वी ती नाही केलीस, आणि आता माझी करतोस!”

शेजारचा सलाईनवाला हसायला लागला. मी त्यालाही एक दिली, तोंडी.

किसीलनं पान पाठीमागे धरलं. अगदी शाळकरी पोरासारखं. माझ्याशी झोंबाझोंबी करायला त्याचा मणका परवानगी देत नव्हता आणि माझे गुडघे. शेवटी स्तेफानिया ओरेस्तिव्हनांनी हात पुढे केला, फक्त हात, तळवा वर. एकतीस वर्षांचा सराव होता त्या हातात. त्यानं पान दिलं.

त्यांनी ते मला दिलं.

मी बाकावर बसलो, गुडघ्यावर फाईल घेतली आणि अकराव्या रकान्यात लिहिलं: चौदा ऑक्टोबर. माझं अक्षर वाईट आहे, शाळा आठवीत सुटली. पण ठळक लिहिलं.

“दुसऱ्याच्या वतीनं भरलं,” बाई म्हणाल्या, “तर खाली भरणाऱ्याचं नाव, सही आणि रुग्णाशी नातं लागतं.”

“बाई, साडेतीन वाजलेत!”

“नियम माझा नाही.”

मी नाव लिहिलं. सही केली. नात्याच्या जागी लिहिलं: मेकॅनिक.

“हे नातं नाही.”

“आमच्याकडे आहे.”

“यादीत आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण, पालक एवढंच आहे. मी यादी केलेली नाही.” मग त्यांनी लाल पेन्सिल हातात फिरवली आणि जरा विचार केला. “पालक लिहा.”

“हा चौतीस वर्षांचा आहे!”

“वागणुकीवरून वाटत नाही,” त्या म्हणाल्या.

किसील उभा राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, ते माझ्याबद्दल होतं. मी ‘पालक’ लिहिलं. आता फक्त त्याची सही उरली होती. त्यानं पेन घेतलं, अकराव्या रकान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही आयुष्यात पुन्हा मला काही बोलू नका,” तो म्हणाला, आणि सही केली.

पावणेचारला सायरन थांबला. मला वाटतं त्या रुग्णालयात कधी कोणी जिना तसा चढला नसेल. बाई पुढे, बूट हातात घेऊन, मोज्यांवर. तिजोरी उघडली, शिक्का काढला, अध्यक्षांच्या खोलीपर्यंत स्वतः आल्या. अध्यक्षांनी कोट घातलेला होता. त्यांनी पान वाचलं, खालपर्यंत. पालक, मेकॅनिक खोडलेला... तिथे त्यांची नजर थांबली. खाडाखोड! मी ‘मेकॅनिक’ खोडून ‘पालक’ लिहिलं होतं!

अध्यक्षांनी स्तेफानिया बाईंकडे बघितलं. बाई उघड्या डोळ्यांनी सरळ समोर बघत म्हणाल्या, “ती दुरुस्ती मी तपासली आहे.”

शिक्का बसला. उडण्यास योग्य.

गाडीत किसील मला पंचेचाळीस किलोमीटर शिव्या देत होता. माझ्या गावाला, माझ्या बापाला, मी कसलेल्या प्रत्येक बोल्टला. त्याचा मुख्य मुद्दा असा होता की मी पाईपामागे लपून ऐकलं. माझा मुद्दा असा होता की तो पाईप सार्वजनिक आहे. मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

सोमवारी सकाळी तो दुसऱ्या विमानावर चढला, जुनंच, पण निदान आमचं. मी पट्टे बांधले, जरा जास्तच ओढले. त्यानं ‘आऊ’ केलं. मी शिडी काढली. पंखावर थाप मारली आणि बाजूला झालो. बावीस मिनिटं तो वर होता. मी त्या बावीस मिनिटांत एकच नट चार वेळा घट्ट केला आणि चार वेळा सैल.

खाली आला. चाकं थांबली. काच उघडली, डोकं बाहेर काढलं.

“डावा ब्रेक ओढतोय, देमिदोविच.”

“ओढत नाही. तूच वाकडा बसतोस, मणक्यामुळे.”

“ओढतोय म्हटलं ना.”

“मी कालच बघितलाय.”

“मग काल बघताना झोपला असाल.”

मी शिडी लावायच्या आधी दोन मिनिटं त्याला तसाच वर बसवून ठेवला. मग खाली वाकून ब्रेक बघितला. ओढत होता.